वाचकांचे प्रश्न: ‘वॅगन ट्रेन’मध्ये जॉन वेन कुठे आहे?

प्रश्न: ‘वॅगन ट्रेन’ या, पश्चिमेकडे निघालेल्या वॅगनगाड्यांच्या तांड्यावरच्या जुन्या अमेरिकन सिरियलच्या एका एपिसोडमध्ये हॉलिवूडचा स्टार जॉन वेन आहे असं मित्र सांगतो, पण टायटल्समध्ये त्याचं नावच नाही. खरंच आहे का तो? आणि एपिसोड कसा आहे? (एक वाचक, नाशिक)

उत्तर: आहे की! चौथ्या सीझनमधला ‘द कोल्टर क्रेव्हन स्टोरी’ बघा, २३ नोव्हेंबर १९६० ला एनबीसी चॅनलवर लागलेला. टायटल्समध्ये मायकल मॉरिस असं नाव दिसेल, तोच जॉन वेन. अमेरिकन यादवी युद्धातल्या जनरल शर्मनचं काम केलंय, पण सीन रात्रीचा, अंधारात नुसती आकृती दिसते, त्यामुळे चेहरा शोधत बसू नका, आवाजावरून ओळखाल. डायरेक्टर जॉन फोर्ड, वेन आणि तांड्याचा प्रमुख मेजर अॅडम्स झालेला वॉर्ड बाँड हे तिघं जुने दोस्त, म्हणून हा योग आला.

पण माझं म्हणाल तर नुसतं वेनसाठी बघू नका हो, खरी गोष्ट डॉक्टरची आहे. क्रेव्हन हा त्याच युद्धातल्या जखमींच्या आठवणींनी खचलेला सर्जन, दारूत बुडालेला, हातात चाकू धरायची हिंमत गेलेली, आणि नेमकी तांड्यातल्या एका बाईची डिलिव्हरी अडते, ऑपरेशनशिवाय इलाज नाही. मेजर त्याला आधी झापतो वगैरे ठीकच, पण मग शांतपणे आपल्या गावच्या सॅमची गोष्ट सांगायला बसतो, आर्मी सुटलेली, दारूडा म्हणून बदनाम, सगळ्यांनी ओवाळून टाकलेला माणूस, आणि तोच पुढे याच युद्धातल्या शायलोच्या रणांगणावर उभा दिसतो. हा सॅम म्हणजे युलिसिस ग्रँट, पुढे अमेरिकेचा प्रेसिडेंट झाला तो! यातलं बरंचसं खरं आहे, ग्रँटने १८५४ मध्ये आर्मी सोडली होती आणि १८६० मध्ये तो इलिनॉयच्या गलीना गावात वडिलांच्या चामड्याच्या दुकानात कामाला होता. एप्रिल १८६२ मध्ये शायलोला दोन दिवसांत दोन्ही बाजूंचे मिळून २३ हजारांहून जास्त लोक मेले, जखमी किंवा बेपत्ता झाले, पहिल्या दिवशी तर ग्रँटची फौज पार मागे रेटली गेली होती, तरी तो हटला नाही. खचलेल्या माणसाला लेक्चर न देता असं सांगणं, मला हे फार आवडतं.

एक वाईट वाटतं, वॉर्ड बाँड ५ नोव्हेंबरलाच हार्ट अटॅकने गेला होता, म्हणजे लोकांनी हा एपिसोड पाहिला तेव्हा तो नव्हता. पुढे तांडा जॉन मॅकइंटायरच्या ख्रिस हेलने सांभाळला.

प्रश्न: त्या काळी पश्चिमेकडे जाणारे लोक खरंच वॅगनमध्ये बसून जायचे का? (तेच वाचक)

उत्तर: बहुतेक जण पायीच. वॅगनमध्ये पीठ, बेकन, सामान ठासून भरलेलं, धक्केही जबरदस्त, आणि ओढायला घोड्यांपेक्षा बैलच जास्त असायचे, दिवसाला साधारण २०-२५ किलोमीटर. पश्चिम टोकाच्या ऑरेगॉनपर्यंत ३,२०० किलोमीटर म्हटल्यावर चार-पाच महिने सहज जायचे.