प्रोबायोटिक कॅप्सूल कायम घ्यायची का?

प्रश्न: दाढेसाठी अँटिबायोटिक घेतलं तेव्हापासून पोट ठीक नाही, मधूनमधून पातळ होतं. मेडिकलवाला म्हणतो प्रोबायोटिक, म्हणजे चांगल्या जिवंत बॅक्टेरियाची, कॅप्सूल रोज घ्या, कायम, शुगर पण कंट्रोलमध्ये राहील. (मला शुगर आहे, मेटफॉर्मिन चालू आहे.) आणि पोटातल्या बॅक्टेरियाची ती ऑनलाइन टेस्ट करू का?
– एक वाचक, सांगली

उत्तर: दिवसातून तीन-चारदा पाण्यासारखं होत असेल, ताप असेल किंवा शौचात रक्त दिसत असेल तर कॅप्सूलचं राहू द्या, आधी डॉक्टरांकडे जा. अँटिबायोटिकने आतड्यातले नेहमीचे बॅक्टेरिया कमी झाले की क्लॉस्ट्रिडिओइड्स डिफिसिल नावाचा जुलाब करणारा बॅक्टेरिया कधीकधी डोकं वर काढतो आणि तो पुन्हा पुन्हा उलटतो. अशा पेशंटच्या आतड्यात निरोगी माणसाच्या शौचातले बॅक्टेरिया सोडतात, ऐकायला घाण वाटतं पण २०१३ मध्ये छापून आलेल्या नेदरलँड्समधल्या ट्रायलमध्ये १६ पैकी १५ जण याने बरे झाले. बॅक्टेरिया बदलले आणि आजार गेला असा इतका पक्का पुरावा बाकी आजारांत अजून नाही.

आता कॅप्सूल. २०१८ मध्ये इस्राएलच्या वाइझमन इन्स्टिट्यूटने एक छोटा अभ्यास केला, त्यात अँटिबायोटिकनंतर ज्यांनी प्रोबायोटिक घेतलं त्यांचे मूळचे बॅक्टेरिया काहीच न घेणाऱ्यांपेक्षा उशिरा परत आले! जुलाब होऊ नयेत म्हणून अँटिबायोटिकसोबत थोडे दिवस घेतलं तर काहींना फायदा होतो, ते वेगळं, पण कायम कशाला?

शुगरचं म्हणाल तर डायबेटिस असलेल्यांचे बॅक्टेरिया वेगळे दिसतात हे खरंय, पण २०१५ मध्ये नीट तपासल्यावर कळलं की त्यातला बराचसा फरक मेटफॉर्मिनमुळेच पडलेला होता, म्हणजे तुम्ही घेताय तीच गोळी. म्हणून कॅप्सूलच्या भरवशावर ती बंद करू नका.

ऑनलाइन टेस्टचे पैसे वाचवा. नॉर्मल बॅक्टेरिया म्हणजे नेमके कोणते हेच अजून ठरलेलं नाही, मग रिपोर्ट वाचून औषध कोण बदलणार? त्यापेक्षा पोट थाऱ्यावर आलं की मटकी, चवळी, ज्वारीची भाकरी हळूहळू वाढवा, कारण यातला जो फायबर आपल्याला पचत नाही तोच मोठ्या आतड्यातले बॅक्टेरिया खातात आणि त्यातून ब्युटिरेट नावाचा पदार्थ तयार करतात, ज्यावर आतड्याच्या अस्तराच्या पेशी जगतात. ताक चालेल, बिनसाखरेचं. एकदम वाटीभर उसळ मात्र नको, गॅसने हैराण व्हाल.