पेज स्लो झालं तर आधी क्वेरी मोज
अरे, जँगोत (पायथनचं वेब फ्रेमवर्क) केलेलं तुझं पेज स्लो झालंय म्हणून लगेच मोठा सर्व्हर घेऊ नकोस, आधी जँगो डीबग टूलबार लाव आणि त्या पेजवर किती क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेले प्रश्न, जातायत ते बघ. रत्नागिरीत हापूसच्या पेट्यांच्या ऑर्डरचं अ‍ॅप करताना माझंही हेच झालेलं, यादीत 200 ऑर्डरी आणि टेम्प्लेटच्या लूपमधे फक्त ग्राहकाचं नाव छापलेलं, पण ओआरएम, म्हणजे पायथन कोडवरून क्वेरी बनवणारा जँगोचा भाग, प्रत्येक ओळीला ग्राहक आणायला वेगळी क्वेरी मारत होतं, म्हणजे एकूण 201! एकेका आंब्यासाठी बागेत फेरी मारल्यासारखं. ओआरएमचं सिलेक्ट रिलेटेड लावलं की दोन्ही टेबलांचा जॉइन होऊन, म्हणजे ती जोडली जाऊन, सगळं एकाच क्वेरीत येतं. एका ऑर्डरीतल्या अनेक पेट्या हव्यात तर मात्र प्रीफेच रिलेटेड, ते दुसरी क्वेरी मारून पायथनमधे जुळवतं. फॉरेन कीवर (दुसऱ्या टेबलातल्या ओळीकडे बोट दाखवणारा कॉलम) जँगो स्वतः इंडेक्स, म्हणजे पटकन शोधायची सूची, टाकतं, पण तारखेवर फिल्टर करत असशील तर तो तुलाच टाकायला लागेल, पोस्टग्रेस डेटाबेसमधे एक्सप्लेन अ‍ॅनालाइझ चालव, ते क्वेरी कशी चालली त्याचा प्लॅन दाखवतं, मोठ्या टेबलातून चारच ओळी हव्यात आणि तरी सीक स्कॅन (सगळं टेबल ओळीने वाचणं) दिसतोय तर बहुतेक इंडेक्सच नाहीये. आणि हो, लॅपटॉपवर 5 ऑर्डरींत यातलं काहीच जाणवत नाही, खोट्या का होईना हजारभर टाकून बघ, ऐन मे महिन्यात कळण्यापेक्षा आत्ता कळलेलं बरं. अडलास तर प्लॅन पाठव, बसून बघू.