हलगी-संबळ आणि गायन घरी रेकॉर्ड करायचं आहे, ७० हजारांत कोणता लॅपटॉप घ्यावा?

तुम्ही लिहिलंय की घर कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत आहे, ज्योतिबाची आणि अंबाबाईची गाणी घरीच करायची आहेत आणि दुकानदार ग्राफिक्स कार्डवाला गेमिंग लॅपटॉप गळ्यात मारतोय. तो घेऊ नका. त्याचा प्रोसेसर दमदार असतो हे खरं, पण ग्राफिक्स कार्डाचा गाण्याला जवळपास काही उपयोग नाही. शिवाय जरा लोड आला की पंखे असे घोंघावतात की माइकमध्ये गळ्याच्या आधी तेच येतात. लॅपटॉप ५० हजारांच्या आसपास बसवा आणि बाकीच्या पैशांत ऑडिओ इंटरफेस (माइकचा आवाज लॅपटॉपमध्ये नेणारी पेटी), माइक आणि कान पूर्ण झाकणारा हेडफोन घ्या. मी घरी रेकॉर्डिंग करतो, म्हणून हे ठासून सांगतोय.

खरी परीक्षा लेटन्सीची, म्हणजे आवाज माइकमध्ये शिरून हेडफोनमध्ये येईपर्यंत होणाऱ्या उशिराची असते. सॉफ्टवेअर आवाज तुकड्यातुकड्यांनी हाताळतं, त्या तुकड्याला बफर म्हणतात. सेकंदाला आवाजाचे ४८ हजार नमुने (सॅम्पल) घेतले, म्हणजे ४८ किलोहर्ट्झला, तर १२८ सॅम्पलचा बफर म्हणजे जेमतेम पावणेतीन मिलिसेकंद, तर १०२४ चा म्हणजे २१. जाता-येता मिळून उशीर याहून जास्तच होतो. हलगीवाल्याला आपलाच ठोका हेडफोनमध्ये मागून ऐकू आला की त्याचा हात अडखळतो. त्यात हलगी शेकून घ्यावी लागते. कातडं ताणलेलं असतं तेवढ्यातच टेक मिळाला पाहिजे. लहान बफरला प्रोसेसर पुरा पडला नाही आणि ऐन वेळी आवाज तडतडायला लागला तर परत शेकण्यापासून सुरुवात. म्हणून लहान बफरला न अडखळणारा प्रोसेसर हवा. इंटेल घेणार असाल तर नावाशेवटी ‘यू’ असलेल्यापेक्षा ‘एच’ असलेला बरा.

रॅम १६ जीबी, त्याखाली नको. ती बोर्डावर पक्की बसवलेली आहे की वाढवता येते, हे बिल करायच्या आधी विचारा. एसएसडी ५१२ जीबी पुरते. २४ बिटचा एक मोनो ट्रॅक मिनिटाला साडेआठ-नऊ एमबीच घेतो. जागा खातात त्या तयार वाद्यांच्या लायब्ररी, आणि त्या बाहेरच्या एसएसडीवर ठेवता येतात.

बजेट ताणता आलं तर १६ जीबीचा मॅकबुक एअर बघा. त्यात पंखाच नाही, त्यामुळे गायकाशेजारी ठेवला तरी चालतो. लॉजिक प्रो हे अॅपलचं रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर विंडोजवर चालत नाही, पण तेवढ्यासाठी कर्ज काढू नका. विंडोजवर रीपर हे रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर उत्तम चालतं, साठ दिवस पैसे न भरता वापरून बघता येतं. मात्र इंटरफेस कंपनीचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर (विंडोजवर उशीर कमी ठेवणारं जोडसॉफ्टवेअर) असलेलाच घ्या.

पेठेतल्या जुन्या वाड्यांत अर्थिंगची खात्री नसते. चार्जर लावला की रेकॉर्डिंगमध्ये बारीक गुणगुण येत असेल, तर टेकपुरता तो काढा आणि पॉवर सेटिंग ‘हाय परफॉर्मन्स’वर ठेवा, नाहीतर बॅटरीवर प्रोसेसर मंदावतो. शेवटी अर्थिंग वायरमनकडून नीट करून घ्याच, कारण माइक धरणाऱ्याच्या जिवाचाही प्रश्न आहे.

दुकानात लेटन्सीमॉन हे लॅपटॉप आवाजाचं काम न अडखळता करू शकतो का ते तपासणारं मोफत सॉफ्टवेअर दहा मिनिटं चालवून बघू द्या म्हणून सांगा. वायफाय चालू-बंद करून दोन्ही वेळा बघा. वायफाय चालू असतानाच लाल पट्टी येत असेल तर रेकॉर्डिंगवेळी ते बंद ठेवून काम भागतं. बंद करूनही येत असेल तर दुसरं मॉडेल दाखवायला सांगा.