इंग्लंडमधल्या पाउंडबरीसारखं जुन्या वळणाचं नवं शहर नाशिकजवळ वाडा शैलीत बांधलं तर चालेल का?

चालेल का ते पुढे सांगतो. पण 'वाडा शैली' हे शब्द वाचले की माझं डोकं फिरतं, त्यामुळे आधी आमच्या खांबाची गोष्ट.

सराफ बाजाराच्या मागे आमचा वाडा होता. काळ्या दगडाचं जोतं, वर सागवानी खांब-तुळयांचा सांगाडा, मधे चौक, चौकात आड. रस्त्याच्या अंगाला दोन दुकानं, त्यातलं एक तांब्या-पितळेच्या भांड्यांचं. आत आम्ही आणि सहा बिऱ्हाडं. १९६९च्या पुरात गंगा (आमची गोदावरी) ओसरीला टेकली, जोतं हललं नाही. २०११ साली दादाने वाडा बिल्डरला दिला. मी म्हणत होतो, चौक ठेवून बांधा. आर्किटेक्ट म्हणाला, "काका, चौक म्हणजे मेलेली जागा." त्या जागेत आता लिफ्ट आहे आणि एक चार फुटी डक्ट, त्यात वरच्या मजल्यांवरून केसांची गुंतवळं पडतात. सगळा साग पाडायच्या खर्चात वळता झाला. किती निघाला, कुठे गेला, कुणी मोजलं नाही.

मला गप्प करायला म्हणून दर्शनी बाजूला 'वाडा लूक' दिला. महिरप, कमळाचे हस्त (तुळईखालचे कोरीव आधार) आणि दोन 'सागवानी' खांब. वास्तुशांतीला दादा येईल त्या पाहुण्याला खांबाशी नेऊन उभा करत होता. तेवढ्यात कुणाच्या तरी जावयाने स्कूटर वळवली, आरसा खांबाला लागला आणि लिंबाएवढं भोक पडलं. आत पोकळ. फायबर! गुरुजीसुद्धा हसले.

तर पाउंडबरी. मुलगी साउदॅम्प्टनला होती तेव्हा तिच्याबरोबर गेलो होतो, खरं म्हणजे खोड काढायलाच. डॉर्चेस्टरला लागून, तेव्हाचे प्रिन्स आणि आताचे राजे चार्ल्स यांच्या डचीच्या (म्हणजे युवराजांच्या जहागिरीच्या) सुमारे ४०० एकरांवर, आर्किटेक्ट लेओन क्रीअर यांच्या आराखड्यावरून १९९३पासून बांधत आलेत. खोड सापडलीच: नव्या भिंतीत खिडकीचा आकार काढून तो विटांनी बुजवलेला. तिकडे पूर्वी खिडक्यांवर कर होता, तो चुकवायला लोक खिडक्या बुजवायचे. कर १८५१ सालीच गेला, हे अजून बुजवतायत.

पण तासभर फिरल्यावर जरा गार पडलो. घरांच्या शेजारी दुकानं, ऑफिसं, चॉकलेटचा कारखानासुद्धा वस्तीतच. ३५ टक्के घरं परवडणारी, तीही कोपऱ्यात ढकललेली नाहीत. बाहेरून कुठलं कोणतं ते कळत नाही. रस्ते मुद्दाम वळणावळणाचे, गाडी आपोआप हळू होते. (तरी दारोदार गाड्या होत्याच.) अहो, हे सगळं आमच्या गल्लीत होतं! सराफ, तांबट, भाडेकरू भिंतीला भिंत लावून. आपल्याकडे कुणी नक्कल करायला निघालं की नेमकी ती बुजवलेली खिडकी उचलतो.

म्हणून नाशिकजवळ कुणी असं काही काढलं तर एलिव्हेशनची रंगीत चित्रं बाजूला सारा आणि प्लॅन मागा. चौक आभाळाला उघडा आहे, की वर काच टाकून लॉबी केलीय? तळमजल्यावर किराणावाला, शिंपी बसू शकतो का? भाडेकरूला परवडेल का? गेटवर वॉचमन रजिस्टरमध्ये नाव लिहायला लावत असेल, तर दिंडी दरवाजा कितीही कोरीव असू दे, मी त्याला वाडा म्हणणार नाही. आमच्याकडे भाजीवाली थेट चौकात येऊन पाटी उतरवायची. आणि खांबावर बोटाने टकटक कराच.

हां, एक कबूल करतो. सात बिऱ्हाडांना मिळून दोन संडास होते. पावसाळ्यात कौलं गळायची, घरभर पातेली मांडलेली. वहिनीने ते अठ्ठावीस वर्षं काढलं; मी लग्नानंतर वर्षभरात कॉलेज रोडला फ्लॅटमध्ये गेलो. दादा प्रत्येक भांडणात हेच काढतो आणि मला गप्प बसावं लागतं.

पण दादा, चौक ठेवूनही संडास वाढवता आले असते. आणि त्या भोकावर गणपती मंडळाचा फ्लेक्स लावलायस, तो निदान यंदाचा तरी लाव.