किंमत मोजणे की किंमत चुकवणे?

'महत्त्वाकांक्षेची किंमत चुकवावी लागली' असे राजकीय बातम्यांत वारंवार छापून येते, ते बरोबर आहे का, अशी विचारणा आहे.

मराठीत ते चूकच. हिंदीतले 'चुकाना' म्हणजे फेडणे, आपले 'चुकवणे' म्हणजे टाळणे. आपण कर चुकवतो, नजर चुकवतो. त्यामुळे 'नेत्याने किंमत चुकवली' याचा अर्थ तो काही न देता निसटला, असा उलटाच होतो. 'हिशेब चुकता करणे' यात फेडण्याचा अर्थ आहे खरा, पण तिथे 'करणे' लागते. किंमत मोजावी लागते.

मात्र सरसकट 'किंमत मोजली' लिहिणेही आळशीपणाचे. अँडी कुल्सन यांचेच पाहा. ते 'न्यूज ऑफ द वर्ल्ड' या ब्रिटिश साप्ताहिकाचे संपादक होते. फोन हॅकिंगमध्ये, म्हणजे इतरांचे व्हॉइसमेल चोरून ऐकण्याच्या प्रकरणात, त्यांचा वार्ताहर तुरुंगात गेला तेव्हा, २००७ साली, त्यांनी राजीनामा दिला. त्याच वर्षी ते ब्रिटनच्या हुजूर पक्षाचे प्रसिद्धिप्रमुख झाले आणि २०१० मध्ये पंतप्रधान कॅमेरून यांच्या कार्यालयात पोहोचले. २०१४ मध्ये त्याच हॅकिंगबद्दल त्यांना १८ महिन्यांची कैद झाली. इथे नेमके क्रियापद 'भोवले'. स्वतःची करणी, बहुतेकदा उशिरा, अंगावर उलटते तेव्हा ती भोवते. 'नडणे' वेगळे. ते स्वभावातल्या खोटीला लागते: घाई नडते, हव्यास नडतो.

१६८ वर्षांचे ते साप्ताहिक २०११ मध्ये बंद पडले. हॅकिंगशी संबंध नसलेल्यांच्याही नोकऱ्या गेल्या. त्यांना प्रकरण 'भोवले' म्हणणे अन्यायाचे होईल, त्यांना 'झळ बसली'. आणि खून झालेल्या ज्या शाळकरी मुलीचे व्हॉइसमेल ऐकले गेले, तिच्या आईवडिलांबद्दल लिहिताना 'किंमत' हा शब्द येताच कामा नये. किंमत मोजणाऱ्याच्या पदरात काहीतरी पडलेले असते, यांच्या पदरात काय पडले?

माणसाने स्वतःहून घरदार, मैत्री पणाला लावली असेल तर 'पायी' वापरा: 'सत्तेपायी मित्र तोडले'. 'मुळे' नुसते कारण सांगतो, 'पायी'त ध्यास आणि त्यासाठी सोसलेली हानी दोन्ही येतात. म्हणून पावसामुळे सभा रद्द होते, पावसापायी होत नाही.

जाता जाता, 'महत्त्वाकांक्षा' लिहिताना त दोनदा येतो: महत् + त्व.