वाचकांचे प्रश्न : मुक्तस्रोत समुदायाचे स्वयंसेवक दूत

मुक्तस्रोत सॉफ्टवेअरचा, म्हणजे ज्याचा मूळ कोड कोणालाही पाहता, वापरता आणि बदलता येतो अशा सॉफ्टवेअरचा, प्रसार करणाऱ्या स्वयंसेवक दूतांविषयी, म्हणजे बहुतेक समुदायांत ज्यांना अ‍ॅम्बेसेडर म्हटले जाते त्यांच्याविषयी, गेल्या काही महिन्यांत बरीच पत्रे आली. त्यांतील सहा पत्रांना या अंकात उत्तरे देत आहे. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार नावे न छापता केवळ गावे दिली आहेत.

प्रश्न : आमच्या गटात लिनक्स (विंडोजऐवजी वापरता येणारी संगणक प्रणाली) व लिब्रेऑफिस (कार्यालयीन कामाचे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर) शिकवणारे आणि मराठी भाषांतराचे काम करणारे काही प्राध्यापक व माजी विद्यार्थी आहेत. मराठवाड्यातील प्रत्येक अभियांत्रिकी महाविद्यालयात एक दूत नेमावा, त्यासाठी ऑनलाइन अर्ज मागवून मुलाखती घ्याव्यात आणि निवड झालेल्यांना प्रमाणपत्र द्यावे, असा विचार आहे. निवडीचे निकष काय असावेत? (छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : निकष ठरवण्याआधी आपण क्रमाचा विचार करावा, अशी माझी विनंती आहे. आपल्या योजनेत आधी पद, मग माणूस आणि शेवटी काम येते. माझ्या मते हा क्रम उलटा हवा. आपल्या परिसरात आजही कोणी वर्गमित्राच्या लॅपटॉपवर उबुंटू हे लिनक्सचे एक वितरण, म्हणजे वापरायला तयार रूप, बसवून देत असेल, कोणी लिब्रेऑफिसच्या मेनूतील खटकणारे मराठी शब्द सुधारून पाठवत असेल, कोणी महाविद्यालयाच्या ग्रंथपालांना कोहा हे ग्रंथालयाचे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर वापरायला मदत करीत असेल. अशा माणसांना शोधून काढावे, ती जे करीत आहेत त्याला मान्यता द्यावी आणि मगच त्यांना दूत म्हणावे. प्रत्येक महाविद्यालयात एक दूत असलाच पाहिजे हा आग्रहही सोडावा, कारण जागा भरायच्या ठरल्या की केवळ प्रमाणपत्रासाठी आलेला अर्जसुद्धा स्वीकारावा लागतो.

हे मी इतक्या ठामपणे लिहितो याला पुण्यातलेच एक उदाहरण कारण आहे. २०११ साली विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनने पुण्यातील काही महाविद्यालयांत विकिपीडियाचा शैक्षणिक उपक्रम सुरू केला. अभियांत्रिकी महाविद्यालय, सिम्बायोसिस स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि एसएनडीटी यांचा त्यात सहभाग होता. विद्यार्थ्यांनी अभ्यासक्रमाचा भाग म्हणून इंग्रजी विकिपीडियावर लेखन करायचे आणि कॅम्पस अ‍ॅम्बेसेडर त्यांना मदत करणार, अशी ती रचना होती. विद्यार्थ्यांची संख्या मोठी होती, आणि मदतीला नेमलेल्या बहुतेक दूतांना स्वतः लेख संपादित करण्याचा अनुभव फारसा नव्हता. पुस्तकांतून आणि संकेतस्थळांवरून उचललेला मजकूर मोठ्या प्रमाणावर विकिपीडियावर गेला, तो शोधून काढण्याचा भार जगभरच्या जुन्या संपादकांवर पडला आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये उपक्रम थांबवावा लागला. त्या दूतांच्या उत्साहाविषयी किंवा हेतूविषयी मला तिळमात्र शंका नाही. जे काम दुसऱ्यांना शिकवायचे ते स्वतः करून पाहायला त्यांना वेळच दिला गेला नव्हता, हे माझे दुःख आहे.

याच्या शेजारी फेडोरा प्रकल्पाची रचना ठेवून पाहावी. २००३ साली सुरू झालेल्या या लिनक्स वितरणाने आपल्या दूतांची विभागणी उत्तर अमेरिका, लॅटिन अमेरिका, युरोप-मध्यपूर्व-आफ्रिका आणि आशिया-प्रशांत अशा चार विभागांत केली होती, आणि त्यांच्या कामावर देखरेख करणारी सुकाणू समिती दूत स्वतःच निवडून देत असत. त्यातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे मार्गदर्शकाची अट. इच्छुकाला आधी एखाद्या अनुभवी दूताच्या संपर्कात राहून आपले काम दाखवावे लागे आणि त्या मार्गदर्शकाच्या संमतीशिवाय दूत होता येत नसे. त्यामुळे नव्या माणसाला पहिल्या दिवसापासून अडचण विचारायला एक हक्काचा माणूस मिळे. आपणही मुलाखतीऐवजी तीन-चार महिन्यांचा उमेदवारीचा काळ ठेवावा आणि एका मार्गदर्शकाकडे चार-पाचांहून अधिक माणसे देऊ नयेत. मार्गदर्शक तीनच असतील तर पहिल्या वर्षी बारा-पंधरा दूत पुरेत. प्रमाणपत्र अवश्य द्यावे, परंतु वर्षाच्या शेवटी, आणि त्यात त्या व्यक्तीने नेमके कोणते काम केले ते लिहावे. नोकरीसाठी धडपडणाऱ्या मुलामुलींना असा कागद खरोखर उपयोगी पडतो.

प्रश्न : मी दोन वर्षे एका सॉफ्टवेअर प्रकल्पाची दूत आहे. सांगली, इचलकरंजी, गडहिंग्लज येथील महाविद्यालयांत कार्यशाळा घेते. एसटीचे भाडे, फलकाची छपाई, चहापाणी हा खर्च आधी मी करते. परतफेड कित्येक महिने होत नाही. एकदा विचारले तेव्हा, सेवाभावाने काम करायचे तर पैशांचा विषय कशाला, असे उत्तर मिळाले. पैसे मागणे चूक आहे का? (कोल्हापूर)

उत्तर : मुळीच चूक नाही. तुम्ही तुमचा वेळ, ज्ञान आणि कष्ट मोफत देत आहात. त्यावर पदरमोडही करावी अशी अपेक्षा ठेवण्याचा अधिकार कोणालाच नाही, आणि तुम्हाला मिळालेले उत्तर वाचून मला वाईट वाटले.

या प्रश्नाची एक बाजू संघटकांनी विशेष लक्षात घ्यावी. खर्च आधी दूताने करायचा आणि पैसे मागाहून मिळायचे, अशी पद्धत असली की ज्यांच्या घरी दोन-तीन हजार रुपये काही महिने अडकून पडले तरी चालते, अशीच मुले-मुली दूत म्हणून टिकतात. बाकीची कारण न सांगता बाजूला होतात. समुदायाला वाटते त्यांचा रस संपला. ज्या गावांपर्यंत पोहोचण्यासाठी दूतांची योजना आखली, त्याच गावांतली माणसे अशा रीतीने तीमधून गळतात. म्हणून विद्यार्थी-दूतांना उचल द्यावी, परतफेडीवर ठेवू नये.

फायरफॉक्स ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलाने २०११ साली आपला रेप्स हा स्वयंसेवक प्रतिनिधींचा कार्यक्रम सुरू केला, तेव्हा खर्चाची पद्धत आधीच लिहून ठेवली होती. कार्यक्रमापूर्वी अंदाजपत्रकासह मागणी नोंदवायची, ती तपासली जाऊन मंजूर व्हायची, आणि कार्यक्रमानंतर वृत्तान्त व पावत्या सादर करायच्या. किती मिळणार हे दूताला घरातून निघण्यापूर्वी माहीत असणे, हा त्यातला महत्त्वाचा भाग आहे. लहान गटाला एवढी यंत्रणा लागत नाही. ठरावीक मर्यादेपर्यंतचा खर्च एका व्यक्तीने आठवड्याच्या आत मंजूर करावा, रिक्षा आणि चहासाठी पावतीचा आग्रह धरू नये, आणि गणेशोत्सव मंडळ जसा उत्सवानंतर जमाखर्चाचा फलक लावते तसा वर्षाचा हिशेब सर्व सभासदांसमोर मांडावा. तुम्ही तूर्त एवढे करावे : पुढच्या कार्यशाळेच्या आधी अंदाजित खर्च लेखी कळवावा आणि लेखी मंजुरी आल्याशिवाय तारीख देऊ नये. मंजुरी आलीच नाही, तर ती कार्यशाळा न घेण्याचा दोष तुमच्याकडे येत नाही.

प्रश्न : मी शाळेत शिक्षक आहे. पूर्वी आम्ही उबुंटूच्या सीडी वाटत होतो. आता इंटरनेट सर्वत्र आहे, कोणीही हवे ते उतरवून घेऊ शकतो. मग दूताने नेमके करायचे तरी काय? (लातूर)

उत्तर : सीडी घरपोच मोफत पाठवण्याची उबुंटूची शिपइट ही योजना २०११ मध्येच बंद झाली. ज्या काळात एक सीडी भरेल एवढा डेटा उतरवायला रात्र जात असे, त्या काळात ते वाटप हे खरे काम होते. आज अडचण पुढची आहे. सॉफ्टवेअर हातात असते, पण ते आपल्या कामात कसे बसवायचे हे सांगणारे माणूस जवळ नसते.

आपण शिक्षक आहात, म्हणून शाळेचेच उदाहरण घेतो. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार (सपोर्ट) संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि तुलनेने नवा प्रोसेसर लागतो, त्यामुळे चालू स्थितीतले असंख्य संगणक त्या अटींत बसत नाहीत. त्यांवर लिनक्स चांगले चालू शकते. लिनक्ससाठी मुक्तस्रोत सॉफ्टवेअर बनवणाऱ्या केडीई समुदायाने इतरांच्या सहकार्याने 'एंड ऑफ टेन' ही मोहीम याच हेतूने उभी केली आणि संगणक बदलून देणारी स्थानिक माणसे व दुरुस्ती केंद्रे यांच्याशी लोकांची गाठ घालून देण्यावर भर दिला. आपल्याकडे हे काम करताना दूताने लिनक्स बसवण्याच्या आधी शाळेच्या कार्यालयात एक दिवस बसावे, असे मी आग्रहाने सुचवतो. शालार्थ (शिक्षकांच्या वेतनाची प्रणाली) आणि सरल (शाळा व विद्यार्थ्यांच्या माहितीची प्रणाली) यांची कामे ब्राउझरमधून होतात, पण ती त्याच प्रिंटरवर, त्याच लिपिकाच्या हातून होतात की नाही, हे प्रत्यक्ष पाहावे लागते. त्याहून अवघड प्रश्न जुन्या मराठी फायलींचा आहे. कृतिदेव किंवा श्रीलिपीत टाइप केलेली वर्षानुवर्षांची पत्रे तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडली की निरर्थक अक्षरे दिसतात, आणि मुख्याध्यापक त्याच क्षणी लिनक्सला निरोप देतात. हा मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कोणत्याही संगणकावर वाचता येणाऱ्या प्रमाण अक्षरसंकेतात, बदलून देणे आणि लिपिकाला इनस्क्रिप्ट या भारतीय भाषांच्या प्रमाण कळफलकाची सवय होईपर्यंत सोबत राहणे हे दूताचे काम आहे. ते सावकाश होते, त्याची छायाचित्रे काढण्याजोगी नसतात, पण ते झाले की शाळा पुन्हा मागे वळत नाही.

शिकवण्याचे साहित्य नव्याने तयार करण्यात शक्ती घालवू नये. मुंबईच्या आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने लिनक्स, लिब्रेऑफिस आणि इतर अनेक मुक्तस्रोत साधनांचे पाठ मराठीतही ऐकता येतील असे केले आहेत, तेच वापरावेत. केरळात २००१ साली आयटी अ‍ॅट स्कूल प्रकल्प सुरू झाला आणि पुढे तेथील सरकारी शाळा मुक्त सॉफ्टवेअरकडे वळल्या, तेव्हा इतर शिक्षकांना शिकवण्याची जबाबदारी शाळांतल्याच प्रशिक्षित शिक्षकांनी उचलली. बाहेरून आलेल्या तज्ज्ञापेक्षा शेजारच्या शाळेतील बाई जे सांगतात ते अधिक मुरते, आणि म्हणूनच आपल्यासारखे शिक्षक दूत व्हावेत, असे मला मनापासून वाटते.

प्रश्न : आमच्याकडे दूतांच्या कामाचे मूल्यमापन उपस्थितांच्या संख्येवर होते. शंभराहून अधिक विद्यार्थी जमवणाऱ्याला टी-शर्ट आणि बॅग मिळते. हे योग्य आहे का? (नागपूर)

उत्तर : जे मोजले जाते ते वाढते, हा धोका आहे. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये हॅक्टोबरफेस्ट या, मुक्तस्रोत प्रकल्पांना हातभार लावण्याच्या उपक्रमात प्रकल्पांच्या कोडमध्ये ठरावीक संख्येने बदल सुचवणाऱ्याला टी-शर्ट मिळणार होता. पहिल्या काही दिवसांतच वाचा-मला (रीडमी, म्हणजे प्रकल्पाची ओळख देणाऱ्या) फाइलींत एखादा शब्द घालणाऱ्या निरर्थक सूचनांचा इतका पूर आला की प्रकल्प सांभाळणारे हैराण झाले, आणि ज्या प्रकल्पांची स्वेच्छेने नोंद असेल तेवढेच धरायचे असा नियम आयोजकांना महिन्याच्या सुरुवातीलाच बदलून आणावा लागला. टी-शर्ट देण्यात वाईट काही नाही. तो आकड्याला जोडला की बिघडते. सभागृह भरायचे तर प्राचार्यांना सांगून तास रद्द करून घेता येतात, आणि शंभर मुले निमूट बसून निघून जातात.

दूताने दर तीन महिन्यांनी साध्या भाषेत एक पानभर वृत्तान्त लिहावा. कार्यशाळेनंतर महिनाभराने किती जण ते सॉफ्टवेअर वापरत होते, कोणते प्रश्न पुन्हा पुन्हा आले, कोणी पहिल्यांदाच भाषांतर किंवा त्रुटीची नोंद पाठवली, कोठे अपयश आले, एवढे त्यात असावे. मार्गदर्शकाने तो वाचून उत्तर द्यावे. न वाचलेले वृत्तान्त दूताचा हुरूप सर्वांत लवकर घालवतात.

प्रश्न : आमच्या कार्यक्रमांना मुली येतात, पण दुसऱ्यांदा फारशा येत नाहीत. आचारसंहिता लावावी का? (पणजी)

उत्तर : लावावी, आणि तिच्याखाली तक्रार घेणाऱ्या दोन व्यक्तींची नावे व संपर्क द्यावेत, त्यांतील एक स्त्री असावी. तक्रार दूताविरुद्धच असेल तर ती कोणाकडे न्यायची, हेही त्यात लिहिलेले हवे. मात्र मुली परत न येण्याची कारणे पुष्कळदा संहितेच्या बाहेर असतात : कार्यक्रम उशिरा संपतो, शेवटची बस चुकते, प्रात्यक्षिकाच्या वेळी कळफलक सतत दुसऱ्याच्याच हातात असतो. आलेल्या मुलींनाच विचारावे आणि त्या सांगतील त्याप्रमाणे वेळ बदलावी. शाळकरी मुलांचा कार्यक्रम असेल तर शाळेचे शिक्षक पूर्ण वेळ उपस्थित असल्याशिवाय दूताने तो घेऊ नये.

प्रश्न : आमचे दोन जुने दूत नोकरीमुळे वर्षभर काही करू शकलेले नाहीत. त्यांना काढावे कसे? (पुणे)

उत्तर : मुदत आधीच ठरलेली असती तर हा प्रश्न आला नसता. यापुढे प्रत्येकाला एका वर्षासाठी दूत करावे आणि वर्षाअखेरीस पुढे राहायचे का, हे त्यांनाच विचारावे. या दोघांशी प्रत्यक्ष बोलावे, त्यांच्या कामाचे जाहीर आभार मानावेत, आणि माजी दूत म्हणून त्यांची नावे यादीत ठेवावीत. अशी माणसे दोन-तीन वर्षांनी वक्ते म्हणून किंवा मार्गदर्शक म्हणून परत येतात. निरोपापूर्वी गटाच्या खात्यांचे पासवर्ड, फलकांच्या मूळ फायली, महाविद्यालयांतील संपर्काची यादी आणि त्यांच्याकडे असलेले साहित्य नव्या दूतांकडे सोपवून घ्यावे, आणि यापुढे प्रत्येक खात्याचा ताबा एकाच्या हाती न ठेवता किमान दोघांकडे असावा.