चालताना काही विचारलं की आई थांबूनच उत्तर देते. मी मात्र फोनवर बोलत सहज चालतो. काळजीचं आहे का?

हो, थोडं लक्ष द्यायला हवं. फोनवर बोलताना वेग तुमचाही उतरतो, फक्त तुम्हाला तो जाणवत नाही. खरा फरक पावलांच्या तालात असतो. तरुण माणूस हळू झाला तरी त्याची पावलं सारख्या अंतराने पडत राहतात. उतारवयात तळव्यांची जाणीव, नजर, पायांतलं बळ कमी होतं. मग पूर्वी आपोआप होणारं चालणं मेंदूच्या पुढच्या भागाला लक्ष देऊन करावं लागतं, आणि उत्तर जुळवायलाही तोच भाग लागतो. या ओढाताणीत एखादं पाऊल उशिरा पडतं, तोल जातो तो तिथे.

१९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका स्वीडिश अभ्यासात ५८ वृद्धांपैकी १२ जण बोलायला थांबले. त्यांतले १० पुढच्या सहा महिन्यांत पडले. न थांबणाऱ्यांपैकीही काही पडलेच, म्हणून नुसत्या थांबण्यावर विसंबू नका, मोजून बघा.

सपाट जागी १० मीटर आखा, त्याच्या बाहेर दोन्ही टोकांना २-२ मीटर मोकळे सोडा आणि वेळ फक्त मधल्या १० मीटरची घ्या. नाहीतर सुरुवातीचा आणि शेवटचा संथपणा वेळेत मिसळतो. आईंना आधी नुसतं चालू द्या. मग बसून १०० मधून ३-३ वजा करायला सांगा, म्हणजे मुळात हिशेब किती जमतो ते कळेल. शेवटी दोन्ही एकत्र. नुसतं चालायला १० सेकंद आणि हिशेबासकट १२.५ लागले, तर वेग सेकंदाला १ मीटरवरून ०.८ वर आला, म्हणजे २० टक्के घट. एवढी किंवा जास्त घट वारंवार दिसली, तर डॉक्टरांना हे आकडेच दाखवा. वेग टिकला पण वजाबाकी कोलमडली, तर तेही लिहून ठेवा. लक्ष कुठे कमी पडलं ते त्यातून कळतं.

पाढे मात्र म्हणायला लावू नका. त्या पिढीला पावकी-निमकीसुद्धा तोंडपाठ असते, त्याने डोक्यावर भारच पडत नाही. उलट पावलं पाढ्याच्या ठेक्यावर पडू लागतात. तुम्ही पुढे चालू नका, आई तुमचा वेग धरतील. अर्धं पाऊल मागे, बाजूला राहा. हात पकडू नका, पण सावरता येईल इतके जवळ असा.

थांबण्याची सवय गेल्या काही आठवड्यांतच लागली असेल, तर मोजमापात वेळ न घालवता लगेच दाखवून या. तोवर जिन्यावर, उंबऱ्यावर, ओल्या मोरीत त्यांना मागून हाक मारू नका. बोलायचं असेल तर थांबूनच बोलू द्या, "चालत चालत सांग ना" म्हणू नका.